वजनकाट्याचा निवाडा

बिदर आणि कलबुर्गी या आमच्या दोन सीमावर्ती जिल्ह्यांत अलीकडे एक समजूत इतकी दृढ झाली आहे की, तिच्याविरुद्ध बोलणारा मनुष्य एकतर आळशी असला पाहिजे किंवा विक्षिप्त, असे लोक गृहीत धरून चालतात. ती समजूत अशी : शरीर स्थूल झाले की धावावे, धावले की वजन उतरते, आणि न उतरल्यास धावणाऱ्याच्या निश्चयातच काही खोट आहे. भालकीच्या बाजारपेठेत हे ऐकू येते, हुमनाबादच्या बसस्थानकावर ऐकू येते, आणि आळंदच्या कोर्टाच्या आवारात पक्षकारांची वाट पाहत बसलेले आमचे व्यवसायबंधूही एकमेकांच्या पोटाकडे पाहून हेच सांगत असतात. डॉक्टरांची गोष्ट तर विचारूच नये. बाहेर रोग्यांची रांग लागलेली असते. त्यामुळे ‘वजन कमी करा, रोज धावा’ हा उपदेश अर्ध्या मिनिटात उरकून पुढच्या रोग्यास हाक मारली जाते.

आमचे म्हणणे याच्या उलट आहे, आणि ते आम्ही आरंभीच स्पष्ट मांडतो. धावणे ही फार चांगली गोष्ट आहे. परंतु वजन उतरविण्याचे साधन म्हणून ते दुबळे आहे. त्याची किंमत वजनकाट्यावर ठरविली की धावण्यावर अन्याय होतो, आणि त्याहून मोठा अन्याय धावणाऱ्यावर होतो. कायद्यात अधिकारक्षेत्र म्हणून एक गोष्ट असते. ज्या न्यायालयास एखादा दावा चालविण्याचा अधिकारच नाही, त्याने कितीही प्रामाणिकपणे निकाल दिला तरी त्या निकालास काडीचीही किंमत नसते. वजनकाटा खोटे बोलतो असे आम्ही म्हणत नाही. त्याच्यापुढे आपण जो दावा चालवीत आहोत तो त्याच्या अधिकारातला नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

संस्कृतीला वाहिलेल्या मासिकात वजनाची चर्चा कशाला, अशी शंका गोव्या-कारवारकडील आमच्या कोकणी वाचकांस येईल, आणि मराठी वाचकांसही येईल. तिचे उत्तर साधे आहे. माणूस काय खातो, किती खातो, कोणापुढे धावतो आणि कोणाच्या हसण्याला भिऊन घरात बसतो, याहून अधिक सांस्कृतिक असे काय आहे? आणि स्वतःच्या देहाविषयी एखादा समाज कोणत्या शब्दांत बोलतो, हे तर भाषेचेच प्रकरण आहे. त्याकडे आम्ही पुढे येऊच.

प्रथम हे पाहू की आमच्या भागात धावतो कोण. पहाटे एकाच रस्त्यावर दोन प्रकारची माणसे धावताना दिसतात. पहिला असतो औराद किंवा बसवकल्याण तालुक्यातील एखाद्या खेड्याचा अठरा-वीस वर्षांचा सडपातळ मुलगा. सैन्यभरतीत किंवा पोलीसभरतीत १६०० मीटर ठरलेल्या वेळात पुरे करावयाचे असतात, म्हणून तो धावतो. दुसरा असतो पंचेचाळिशीचा आडतदुकानदार, कारकून, शिक्षक किंवा वकील; त्याच्या पोटाचा घेर वाढलेला असतो. पहिला भाकरीसाठी धावतो आणि दुसरा भाकरीच्या भीतीने. पहिल्याला आपण कशासाठी धावतो हे पक्के ठाऊक असते, आणि त्याची परीक्षा घेणारे घड्याळही योग्य असते. दुसऱ्याची परीक्षा भलत्याच यंत्राकडे सोपविलेली असते.

या दोघांना एकाच रस्त्यावर आणणारी परिस्थिती देशभर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे २४ टक्के प्रमाणाबाहेर वजनाच्या आढळल्या, आणि त्याच पाहणीत सुमारे १९ टक्के प्रमाणाबाहेर कृश आढळल्या. २०२१ च्या डिसेंबरात कर्नाटक शासनाने शाळेतील मुलांना अंडे किंवा केळे देण्यास आरंभ केला तो बिदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर आदी जिल्ह्यांपासून. कारण तेथील मुलांतील कुपोषण आणि रक्तक्षय यांची स्थिती चिंताजनक होती. अशा प्रदेशात ‘वजन’ हा शब्द उच्चारताना जरा जपून बोलले पाहिजे. ज्या घरात धाकट्याचे वजन भरत नाही त्याच घरात थोरल्याला साखरेचा विकार जडतो, आणि दोघांनाही आपण एकच काटा दाखवितो.

आता दाव्याच्या मुळाशी जाऊ. धावण्याने वजन किती उतरते? येथे भावनेचे काम नाही. गणित करावे लागते. धावताना शरीर दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे, साधारण एक उष्मांक खर्च करते. ८० किलो वजनाचा गृहस्थ पाच किलोमीटर धावला तर खर्च झाला सुमारे ४०० उष्मांक. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठविलेले असतात. म्हणजे एक किलो चरबी जाळण्यास या गृहस्थाला पाच-पाच किलोमीटर एकोणीस दिवस धावावे लागेल, आणि तेही आहारात एका घासाची भर न घालता. २०१७ साली सुरू झालेल्या बिदर-कलबुर्गी लोहमार्गाची लांबी सुमारे ११० किलोमीटर आहे. आमचा गृहस्थ बिदरच्या स्थानकापासून कलबुर्गीच्या स्थानकापर्यंत रुळांच्या कडेने धावत गेला, तर वाटेत त्याची चरबी जळेल ती एक किलोहून थोडी अधिक!

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावे. तेलाचा एक लहान चमचा म्हणजे ४५ उष्मांक. असे नऊ चमचे पोटात गेले की पाच किलोमीटरची कमाई संपली. जिलेबी १०० ग्रॅम खाल्ली की तीनशेहून अधिक उष्मांक आले. मूठभर शेंगदाणे, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम, १७० उष्मांक देतात. आणि आमच्याकडे शेंगदाण्याच्या चटणीवाचून भाकरी उतरत नाही. पहाटे धावून आलेली मंडळी स्टेडियमच्या बाहेरच्या गाड्यावर उभी राहतात. सुशीला येते, तिच्यावर मिरची भजी येतात, वर गोड चहा होतो. अर्ध्या तासात जे मिळविले ते दहा मिनिटांत परत केले जाते, आणि ‘आज एवढे धावलो’ या समाधानापोटी दुपारचा भातही एक वाढप अधिक जातो. यात त्या माणसाचा दोष आम्ही मानत नाही. श्रम झाले की भूक लागते. शरीराने आपले काम चोख केलेले असते.

शरीराचा हिशेब तर याहूनही गूढ आहे. टांझानियात हाड्झा नावाचे लोक अद्याप शिकार करून व कंदमुळे गोळा करून राहतात. त्यांचा दिवस चालण्यात, खणण्यात आणि ओझी वाहण्यात जातो. हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लोकांच्या दिवसभराच्या उष्मांकांचा खर्च मोजून २०१२ साली प्रसिद्ध केला. शरीराचा आकार लक्षात घेता तो खर्च खुर्चीत बसून काम करणाऱ्या पाश्चात्य शहरवासीयांच्या खर्चाएवढाच निघाला. शरीर एका खात्यावर अधिक खर्च झाला की दुसऱ्या खात्यावर काटकसर करते, असा या संशोधकांचा निष्कर्ष आहे. म्हणजे वर केलेले एकोणीस दिवसांचे गणितही उदारच म्हणावे लागेल.

यावर कोणी म्हणेल, ‘परंतु आम्ही स्वतः पाहिले आहे की आठवड्याभरात दोन किलो उतरले.’ उतरले असतील. ते पाणी होते. याचे सर्वांस ठाऊक असलेले उदाहरण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचे आहे. विनेश फोगाट हिने ६ ऑगस्ट रोजी एका दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या. मधल्या वेळात घेतलेल्या अन्नपाण्याने वजन वाढले, म्हणून ते पुन्हा पन्नास किलोंच्या आत आणण्यासाठी रात्रभर घाम काढणे, व्यायाम करणे, केस कापणे, असे सर्व उपाय झाले. ७ ऑगस्टच्या सकाळी काट्याने १०० ग्रॅम अधिक दाखविले आणि ती अंतिम लढतीस अपात्र ठरली. क्रीडा लवादाने १४ ऑगस्टला तिचा अर्ज फेटाळला. वकील म्हणून त्या निर्णयावर आम्हास बरेच बोलता येईल, परंतु येथे मुद्दा वेगळा आहे. जगातील एका श्रेष्ठ मल्ल स्त्रीचे वजन एका दिवसात वर-खाली झाले ते पाण्यामुळे आणि पोटातल्या अन्नामुळे. तिच्या अंगची ताकद त्या १०० ग्रॅमांनी वाढली नव्हती की घटली नव्हती. असे असता, प्लॅस्टिकचा अंगरखा घालून कलबुर्गीच्या उन्हात घाम गाळणाऱ्या आणि घरी येऊन काट्यावर उभे राहणाऱ्या गृहस्थास आपण काय मोजतो आहोत याची कल्पना कोणी द्यावी? एप्रिल-मे महिन्यांत जेथे पारा चाळिसाच्या वर जातो तेथे हा प्रकार केवळ निरर्थक नाही, जिवावर बेतणारा आहे.

येथवर जे सांगितले त्यावरून कोणी असा अर्थ काढील की आम्ही धावणाऱ्यांस घरी बसवू पाहतो. खरा धोका नेमका याच्या उलट आहे, आणि त्यासाठीच हा लेख लिहिण्याचे आम्ही मनावर घेतले. वजनासाठी धावू लागलेला मनुष्य दोन महिन्यांनी काट्यावर उभा राहतो. काटा एखाद-दुसरा किलो दाखवितो किंवा तेवढेही दाखवीत नाही. ‘एवढे करून काही उपयोग नाही,’ असे म्हणून तो बूट कोपऱ्यात ठेवतो. वास्तविक त्या दोन महिन्यांत त्याच्या शरीरात पुष्कळ काही सुधारलेले असते, परंतु त्याची नोंद काट्यावर होत नाही. ज्या पुराव्यावर तो निर्दोष सुटला असता तो पुरावा न्यायालयासमोर आलाच नाही, आणि निकाल मात्र लागून गेला.

हा पुरावा आता मांडतो. त्याची सुरुवात लंडनच्या बसगाड्यांत झाली. जेरी मॉरिस या वैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली तेथील दुमजली बसगाड्यांचे चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. पगार जवळपास सारखा, समाजातील स्थान सारखे. फरक एवढाच की चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटे फाडीत जिना चढ-उतर करी. हृदयविकाराचा झटका वाहकांना कमी येतो, आणि आला तरी तो प्राणघातक ठरण्याचे प्रमाणही कमी असते, असे दिसून आले. टीकाकारांनी अर्थातच विचारले की चालक मुळातच स्थूल असतील तर? तेव्हा याच मंडळींनी गणवेशाच्या विजारींची मापे काढून पाहिली, आणि १९५६ साली तीही छापली. चालकांच्या कमरेचा घेर खरोखरच मोठा होता. पण केवळ घेराने हा फरक उलगडत नव्हता. सडपातळ चालकालाही त्याच बांध्याच्या वाहकापेक्षा धोका अधिक होता. आमच्या कल्याण कर्नाटक परिवहन महामंडळाच्या गाड्यांना वरचा मजला नाही, त्यामुळे आमच्या वाहकांस तेवढाही लाभ नाही! मॉरिस स्वतः पुढे धावू लागले, आणि २००९ साली वारले तेव्हा त्यांच्या वयाची शंभरी जवळ आली होती.

दुसरा पुरावा आपल्या पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात २००४ साली आपले छायाचित्र छापून एक मौजेची तुलना केली. उंची आणि वजन यांवरून जो देहभारांक काढतात तो दोघांचा तंतोतंत सारखा, २२.३, काट्याच्या मते दोघेही निरोगी. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या देहात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के. युडकिन हे मॅरॅथॉन धावणारे. याज्ञिकांनी आपल्याविषयी विनोदाने लिहिले की, रुग्णालयातल्या लिफ्टचे दार मिटण्याआधी गाठण्यासाठी जे धावावे लागते तेवढाच आपला व्यायाम. हा सगळा फरक धावण्यानेच पडला असे त्यांनी म्हटलेले नाही. आईच्या गर्भात असताना झालेल्या उपासमारीचाही त्यात हात असावा, अशी त्यांची मीमांसा आहे, आणि पुण्याभोवतीच्या खेड्यांतील त्यांचे संशोधन त्याच दिशेचे आहे. आमच्या भागास ही गोष्ट विशेष लागू आहे. ज्यांच्या पिढ्या दुष्काळात वाढल्या त्यांची हाडे बारीक, स्नायू कमी आणि पोटात चरबी अधिक, असा घाट असतो. असा मनुष्य काट्यावर हलका भरतो. साखरेचा विकार त्याला तरीही गाठतो.

तिसरा पुरावा सर्वांत निर्णायक. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी ज्यांची रक्तशर्करा वाढू लागली होती, पण मधुमेह जडला नव्हता, अशा ५३१ माणसांची पाहणी केली आणि ती २००६ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना काहीच विशेष सांगितले नाही त्यांच्यापैकी तीन वर्षांत ५५ टक्क्यांना मधुमेह झाला; ज्यांना नियमित चालणे आणि आहारात बदल एवढेच करावयास लावले त्यांच्यापैकी सुमारे ३९ टक्क्यांना झाला. आणि हे घडले तेव्हा त्यांचे वजन म्हणावे असे उतरलेच नव्हते! ही माणसे काट्याच्या निवाड्यावर विसंबली असती तर त्यांनी सहाव्या महिन्यातच चालणे सोडले असते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे. अशा देशात चुकीच्या मोजमापामुळे सुटलेला व्यायाम ही क्षुल्लक हानी नव्हे.

प्रतिपक्षाचे म्हणणे न ऐकता निकाल मागणे आमच्या व्यवसायास शोभणार नाही. त्या पक्षाच्या बाजूने दोन गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या आम्ही मान्य करतो. पहिली अशी की, वर्षानुवर्षे नियमाने धावणारी माणसे बहुधा सडपातळ राहतात. अमेरिकेत धावणाऱ्यांच्या आणि चालणाऱ्यांच्या मोठ्या समूहांवर झालेल्या पाहणीत २०१३ साली हेच दिसले, आणि धावण्याने गुडघे झिजतातच ही भीतीही त्याच पाहणीने बरीचशी खोटी ठरविली. दुसरी अशी की, ज्यांनी आहार आवरून वजन उतरविले त्यांना ते पुन्हा चढू न देण्याच्या कामी व्यायामाची फार मदत होते. परंतु या दोन्ही गोष्टींचा अर्थ नीट लावला पाहिजे. धावणे हा राखणदार आहे. चोरी झाल्यावर माल परत आणण्याचे काम त्याच्याकडे देऊ नये. ते काम ताटाचे आहे. आणि वर्षानुवर्षे धावण्यासाठी पहिल्या दोन महिन्यांत न थकणे आवश्यक असते. तेथेच तर काटा आडवा येतो.

उलट, ज्याला काट्याने निर्दोष सोडले अशा एका माणसाची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. जिम फिक्स हा अमेरिकन लेखक पस्तिसाव्या वर्षी धावू लागला तेव्हा स्थूल होता आणि सिगारेटी ओढीत असे. त्याने सुमारे सत्तावीस किलो वजन उतरविले, धूम्रपान सोडले, आणि १९७७ साली धावण्यावर लिहिलेले त्याचे पुस्तक लाखोंनी खपले. १९८४ साली बावन्नाव्या वर्षी धावता धावताच तो हृदयविकाराने गेला. त्याचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी त्याच विकाराने गेले होते, आणि शवचिकित्सेत त्याच्या हृदयाच्या धमन्या मोठ्या प्रमाणात अडलेल्या आढळल्या. धावण्याने त्याला मारले असे आम्ही मानीत नाही. कदाचित त्यानेच त्याला वडिलांपेक्षा नऊ वर्षे अधिक दिली असतील. परंतु वजन उतरले म्हणजे सर्व ठीक झाले, ही समजूत किती घातक आहे हे त्यावरून दिसते. म्हणूनच चाळिशी ओलांडलेल्या स्थूल माणसाने एकदम धावू नये. आधी रक्तदाब आणि शर्करा तपासून घ्यावी, काही आठवडे झपझप चालावे, मग थोडे चालणे-थोडे धावणे असे करीत जावे. धावताना प्रत्येक पावलागणिक देहाच्या वजनाच्या दोन-तीन पट भार जमिनीवर पडतो, हे गुडघ्यांच्या दृष्टीनेही विसरून चालणार नाही.

शिवाय, केवळ वजनच उतरवावयाचे असेल तर धावण्याची गरज काय उरते? २०२५ सालापासून वजन उतरविणारी नवी इंजेक्शने आपल्या देशातही विकली जात आहेत, आणि काट्यावरच्या शर्यतीत ती कोणत्याही धावणाऱ्यास सहज हरवितील. धावण्याची सारी प्रतिष्ठा किलोंवर टांगून ठेवली तर उद्या ज्याच्या खिशात पैसा आहे तो सुई टोचून घेईल, आणि ज्याच्याजवळ पैसा नाही तो आपण हरलो असे समजून घरी बसेल. हृदय, स्नायू, झोप आणि मनाचा हुरूप, यांचा विचार दोघांच्याही मनात येणार नाही.

आता भाषेकडे वळू. मराठीत ‘शरीर कमावणे’ असा सुंदर शब्दप्रयोग आहे. तालमीत जाणारा मुलगा शरीर कमावण्यासाठी जात असे. जोर, बैठका आणि मेहनत ही त्याची कमाई होती, आणि आमच्या भागातल्या कानडी भाषकांच्या ‘गरडी मने’तही हीच दृष्टी होती. आज आपण व्यायामाविषयी बोलतो तेव्हा ‘उतरवणे’, ‘घटवणे’, ‘जाळणे’ अशीच क्रियापदे वापरतो. कमाईची भाषा जाऊन वसुलीची भाषा आली. याचे मूळ कदाचित शाळेत असेल. ‘मैदानाला पाच फेऱ्या मार’ ही आपल्याकडे शिक्षा असते. धावणे आणि दंड यांची सांगड तेथेच मनात पक्की बसते. पुढे वय वाढल्यावर जेवण हा गुन्हा होतो आणि धावणे ही त्याची सजा. सजा भोगण्यास कोणीही हौसेने जात नाही. ती संपण्याचीच वाट पाहतो.

आमच्याच भागात याच्या अगदी उलट असे उदाहरण दर वर्षी डोळ्यांसमोर घडते. आश्विन पौर्णिमेच्या सुमारास बिदर, बसवकल्याण, आळंद, कलबुर्गी येथून हजारो माणसे पायी तुळजापूरला जातात. त्यांत मराठी बोलणारे असतात, कानडी बोलणारे असतात; म्हातारे असतात, अंगाने भरलेल्या बायका असतात, पायांना फोड आलेली पोरे असतात. त्यांतला कोणी घरी परतल्यावर काट्यावर उभा राहत नाही. ‘देवीपर्यंत पोचलो’ एवढाच त्यांचा हिशेब, आणि म्हणूनच पुढच्या वर्षी ती माणसे पुन्हा निघतात. श्रद्धेचा प्रश्न बाजूस ठेवला तरी, देहाचे श्रम कशाने टिकतात याचा धडा या रस्त्यावर मिळतो.

या प्रकरणात सर्वांत मोठा अन्याय स्त्रियांवर होतो, आणि त्याचा उल्लेख केल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. घरातल्या बाईला ‘तू फार सुटली आहेस’ असे सांगणारे दहाजण असतात. तिने धावावयाचे कोठे, हे सांगणारा एकही नसतो. बिदरच्या किल्ल्याच्या परिसरात किंवा कलबुर्गीच्या शरणबसवेश्वर तलावाच्या काठी थोड्याफार बायका फिरताना दिसतात. तालुक्याच्या गावी तेवढीही सोय नाही. रस्त्याला पदपथ नाही, पहाटे दिवे नाहीत, कुत्री मोकाट आहेत, आणि कुत्र्यांपेक्षा त्रासदायक अशी चहाच्या टपरीवरची नजर आहे. स्थूल बाई धावू लागली की हसू होते. ती घरी बसली की तिच्या आळसावर प्रवचन होते. ज्या समाजाने दोन्ही वाटा बंद केल्या त्याने तिला काट्यावर उभे करावे, याला आमच्या भाषेत न्यायाचे विडंबन म्हणतात. खुरपणीला आणि तुरीच्या काढणीला जाणाऱ्या मजूर स्त्रीचे श्रम तर कोणी व्यायामात धरीतच नाही. तिला हवा आहे तो पोटभर सकस आहार आणि थोडी विश्रांती.

तेव्हा आमची मागणी काय? दाव्याच्या शेवटी ती स्पष्ट लिहावी लागते. नगरपालिकांनी आणि शिक्षणखात्याने शाळा-महाविद्यालयांची मैदाने पहाटे पाच ते सात सर्वांस खुली करावीत आणि तेथे दिवे लावावेत. यास फार मोठा खर्च नाही. डॉक्टरांनी ‘धावा’ म्हणताना रक्तदाब, रक्तशर्करा आणि कमरेचा घेर यांची नोंद करून द्यावी, आणि तीन महिन्यांनी तीच पुन्हा पाहावी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रीची ८० च्या आत असावी, हे माप आपल्या देशातील तज्ज्ञांनी आपल्या लोकांसाठीच ठरविले आहे. शिंप्याची साधी फीत त्याला पुरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्यास दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रम, किंवा त्याच्या निम्मा वेळ धावण्यासारखे कठोर श्रम, पुरेसे मानले आहेत. त्या वाक्यात किलोचा उल्लेखही नाही. ज्याला वजन उतरवावयाचे आहे त्याने आधी तेल, साखर आणि दुसऱ्यांदा घेतलेला भात यांच्याशी तडजोड करावी, आणि ज्वारी, तूर व अंबाडीची भाजी यांच्याशी असलेले जुने नाते मोडू नये. धावावयाचे ते मात्र दम वाढावा, झोप लागावी आणि म्हातारपणी जिना चढता यावा यासाठी.

शेवटची मागणी आपणा सर्वांकडे आहे, आणि तिला एक पैचाही खर्च नाही. ओळखीचे कोणी पहाटे धावून परतताना दिसले, तर ‘किती उतरले?’ असे यापुढे विचारू नये. ‘आज कुठवर गेलात?’ असे विचारावे.